जुन्या फॉन्टमधील मराठी नव्या यंत्रावर : निवडलेल्या मजकुरातील अक्षरे बदलण्याची सोपी रीत

वहीला वाळवी लागते आणि छापील पुस्तकाला आपल्या बेटाची दमट हवा खाते, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणून जुन्या वह्या आपण कपाटात जपून ठेवतो. परंतु कॉम्प्युटरवर टाइप केलेले मराठी मात्र कायमचे सुरक्षित आहे, अशी आपली समजूत असते. ही समजूत खरी नाही. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या शिक्षकांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी पुष्कळ मराठी मजकूर टाइप केला. त्यात शाळेचे धडे आहेत, प्रश्नपत्रिका आहेत, गणेशोत्सवातील झाकडीची गाणी आहेत, नाट्यस्पर्धेसाठी बसविलेली नाटके आहेत. आज त्यांपैकी एखादी फाईल नव्या यंत्रावर उघडली, तर पडद्यावर मराठी दिसत नाही. इंग्रजी अक्षरे, कंस, प्रश्नचिन्हे आणि उभ्या रेघा यांची अर्थहीन गर्दी दिसते. अनेकांना वाटते की फाईल बिघडली, आणि ते ती पुसून टाकतात.

फाईल बिघडलेली नसते. तिच्यातील प्रत्येक अक्षर शाबूत असते. फक्त ते जुन्या खुणांमध्ये साठविलेले असते, आणि त्या खुणा नव्या अक्षरांत बदलून घ्यायच्या असतात. हे काम हाताने केले तर एका पानाला एक दिवस जाईल. पण एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली, तर निवडलेल्या परिच्छेदाचे काम पापणी लवण्याच्या आत होते. ती कशी लिहावी, तिच्यात खाचखळगे कोठे आहेत, आणि यंत्रावर किती विसंबावे, हे आज आपल्यापुढे मांडतो. प्रोग्रामिंग शिकलेले नसले तरी चालेल. बाराखडी चांगली येत असली म्हणजे पुरे.

घोटाळा कशाचा?

कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, तो आकडे ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो आणि फॉन्ट त्या आकड्याचे चित्र काढतो. देवनागरीसाठी सर्वांना मान्य असे आकडे हाताशी नव्हते, तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांचेच आकडे वापरायचे, पण चित्र देवनागरीचे काढायचे. आपल्याकडे हिंदीच्या शिक्षकांकडून मराठीच्या शिक्षकांपर्यंत पोहोचलेला कृतिदेव हा याच जातीचा फॉन्ट आहे. त्याची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरच्या पट्ट्यांवरून घेतलेली आहे.

कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप करताना बोटे ज्या कळांवर पडतात त्या अशा : लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी, लहान एच. फाईलमध्ये साठतात तेही याच इंग्रजी अक्षरांचे आकडे, म्हणजे १०१, १०६, १०७, ६६ आणि १०४. कृतिदेव फॉन्ट यंत्रावर असेपर्यंत डोळ्यांना ‘मराठी’ दिसते. फॉन्ट गेला, की तीच पाच इंग्रजी अक्षरे उघडी पडतात.

युनिकोडने हा गोंधळ संपविला. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा देण्यात आल्या. त्यांची मांडणी भारतातील १९८८ च्या ‘इस्की’ या मानकावरून घेतलेली होती. युनिकोडमध्ये ‘मराठी’चे आकडे २३५०, २३५२, २३६६, २३३६ आणि २३६८ असे आहेत. हे आकडे रत्नागिरीत, पोर्ट लुईत किंवा लंडनमध्ये कोणत्याही यंत्रावर मराठीच दाखवितात. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्टही यंत्राबरोबरच मिळू लागला. तरीही सवयीमुळे जुने फॉन्ट पुढे कित्येक वर्षे वापरात राहिले.

तेव्हा आपले काम एवढेच : १०१ दिसला की २३५० ठेवायचा, १०६ दिसला की २३५२ ठेवायचा, आणि असेच पुढे.

सगळी फाईल नको, निवडलेलाच मजकूर

येथे पहिला महत्त्वाचा मुद्दा येतो. आपल्या बेटावरचा कागद एका भाषेचा क्वचितच असतो. मराठीच्या प्रश्नपत्रिकेवर शाळेचे नाव फ्रेंचमध्ये, सूचना इंग्रजीत आणि प्रश्न मराठीत असतात. जुन्या फॉन्टच्या फाईलमध्ये या तिन्हींचे आकडे एकच असतात. डोळ्यांना फरक दिसतो तो केवळ फॉन्टमुळे, आणि साधी स्क्रिप्ट फॉन्टकडे पाहत नाही.

ती सगळ्या फाईलवर सोडली तर काय होईल, ते पाहा. पुस्तकाला इंग्रजीत ‘बुक’ म्हणतात. त्या शब्दातील बी, ओ, ओ, के या चार लहान अक्षरांचे अनुक्रमे इ, व, व आणि काना होतात, आणि ‘बुक’ या शब्दाचा ‘इववा’ होतो. पुस्तकालाच फ्रेंचमध्ये ‘लीव्र’ म्हणतात. एल, आय, व्ही, आर, ई या पाच अक्षरांतून त्याचा ‘सपअतम’ होतो. यंत्राला यात काही वावगे वाटत नाही, कारण त्याने सांगितलेलेच केलेले असते.

म्हणून आपली स्क्रिप्ट फक्त माऊसने निवडलेल्या, म्हणजे पडद्यावर रंगीत झालेल्या मजकुरावर चालली पाहिजे. मराठी कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे आपण दाखवायचे, मग बदल यंत्राने करायचा. या फायलींपुरते बोलायचे तर कामाची वाटणी अशीच असावी.

इंटरनेटवर तयार रूपांतरे मिळतात, मग स्वतः कशाला खपावे, असे कोणी विचारील. ती उपयोगी आहेत, नाकारण्याचे कारण नाही. परंतु मुलांच्या गुणांचा तक्ता किंवा परीक्षेपूर्वीची प्रश्नपत्रिका परक्या ठिकाणी चिकटविणे शिक्षकाला शोभत नाही. शिवाय स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये चूक सापडली की कोष्टकात एक ओळ वाढवून ती कायमची दुरुस्त करता येते.

स्क्रिप्टचा सांगाडा

वर्डमध्ये अशा स्क्रिप्टला मॅक्रो म्हणतात आणि ती बेसिक भाषेत लिहितात. ऑल्ट आणि एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की लिहिण्याची खिडकी उघडते. ऑल्ट आणि एफ-८ दाबले की लिहिलेल्या मॅक्रोंची यादी येते आणि हवा तो चालविता येतो. लिब्रेऑफिस हे मोफत मिळणारे साधन वापरणाऱ्यांना हीच सोय ‘टूल्स’ या यादीतील ‘मॅक्रोज’मध्ये मिळेल. फोनवरील वर्डमध्ये मॅक्रो चालत नाहीत, त्यासाठी कॉम्प्युटरच हवा.

स्क्रिप्टने करावयाची कामे मराठीत लिहिली तर अशी होतात :

१. काहीच निवडलेले नसेल, तर तशी सूचना दाखवून थांब.
२. निवडलेला मजकूर एका डब्यात घे.
३. कोष्टकातील पहिली जोडी घे. डब्यात जेथे जेथे डावीकडची खूण सापडेल, तेथे उजवीकडचे अक्षर ठेव.
४. कोष्टक संपेपर्यंत पुढच्या प्रत्येक जोडीसाठी हेच कर.
५. पहिल्या वेलांट्या जागेवर ने.
६. रफार जागेवर ने.
७. डब्यातील मजकूर मूळ जागी परत ठेव आणि त्याला युनिकोडचा फॉन्ट दे.

तिसरे काम करण्यासाठी बेसिकमध्ये ‘रिप्लेस’ नावाची तयार आज्ञा आहे. तिला डबा, जुनी खूण आणि नवे अक्षर सांगितले की ती सर्व ठिकाणी बदल करते. वर्डमध्ये लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे ती मुळातच वेगळी मानते, आणि हे आपल्या फायद्याचे आहे; लिब्रेऑफिसमध्ये मात्र तसे तिला वेगळे सांगावे लागते. कृतिदेवमध्ये लहान बी म्हणजे इ, तर मोठा बी म्हणजे ठ. लहान ई म्हणजे म, तर मोठा ई म्हणजे पाय मोडलेला म्. याउलट वर्डची नेहमीची शोधा-आणि-बदला ही खिडकी, वेगळे सांगितल्याशिवाय, लहान-मोठ्याचा भेद करीत नाही. तिच्यातून हे काम करू पाहणाऱ्यांची येथेच फसगत होते.

आणखी एक अडचण सांगून ठेवतो. वर्डच्या मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी सरळ टाइप करता येत नाही, तेथे प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून तेथे अक्षराऐवजी त्याचा आकडा द्यावा लागतो, आणि त्यासाठी सी-एच-आर-डब्ल्यू या चार अक्षरांची आज्ञा आहे. तिला २३५० सांगितले की ती ‘म’ देते. लिब्रेऑफिसच्या खिडकीत मात्र देवनागरी सरळ लिहिता येते, त्यामुळे नवशिक्यांना मी तेच सुचवितो.

निवड करतानाही थोडी काळजी घ्यावी. कंट्रोल कळ दाबून विखुरलेले तुकडे एकदम निवडले, तर वर्डच्या मॅक्रोला फक्त शेवटचा तुकडा दिसतो. तक्ता असेल तर एकेक खाना निवडावा. निवडलेल्या मजकुरात एखादा शब्द ठळक किंवा अधोरेखित असेल, तर परत ठेवताना तो ठळकपणा जातो, तो नंतर हाताने द्यावा. आणि सर्वांत आधी फाईलची प्रत काढून काम त्या प्रतीवरच करावे. मूळ फाईलला हात लावू नये.

क्रम चुकला तर अक्षर मोडते

आता कोष्टक. कृतिदेवमधील बरीचशी अक्षरे एका खुणेची आहेत, परंतु काही दोन किंवा तीन खुणांची आहेत. टाइपरायटरवर कळा कमी, म्हणून काना असलेली अक्षरे अर्धी ठेवून पुढे काना जोडण्याची ती युक्ती होती. मोठा एफ म्हणजे पाय मोडलेला थ्, आणि त्यापुढे लहान के, म्हणजे काना, लावला की पुरा थ होतो. भ, ध, घ, ख, ण, श आणि ष यांचेही असेच आहे.

समजा कोष्टकात ‘लहान के म्हणजे काना’ ही जोडी आधी आली. मग थ मधील के सुद्धा काना होऊन बसेल, आणि पुढे मोठ्या एफचा थ् झाला की थ् पुढे सुटा काना लोंबकळत राहील. म्हणून नियम असा : लांब खुणा आधी, आखूड खुणा नंतर. आधी तीन खुणांच्या जोड्या, मग दोन खुणांच्या, आणि शेवटी एकेरी.

ओ या अक्षराचे उदाहरण तर अधिकच सावध करणारे आहे. कृतिदेवमध्ये व्ही म्हणजे अ, व्ही आणि के म्हणजे आ, आणि व्ही, के, एस मिळून ओ. ही जोडी कोष्टकात वरती नसेल, तर अ, काना आणि मात्रा असे तीन सुटे तुकडे तयार होतात. काही यंत्रांवर ते दिसायला ओसारखेच दिसतात, आणि वाचणारा फसतो. पण पुढे कोणी त्या फाईलमध्ये ‘ओवी’ हा शब्द शोधू लागला तर तो सापडणार नाही, कारण खऱ्या ओचा आकडा २३२३ हा एकच आहे. अशी चूक प्रूफ वाचताना ध्यानात येत नाही.

‘विद्यार्थी’ या शब्दाची परीक्षा

स्क्रिप्ट नीट झाली की नाही हे पाहण्यासाठी आपल्याच पेशातील एक शब्द घ्यावा : विद्यार्थी. कृतिदेवमध्ये तो आठ खुणांचा आहे. लहान एफ, लहान ओ, उभी रेघ, लहान के, मोठा एफ, लहान के, लहान एच, मोठा झेड. यात उभी रेघ म्हणजे द्य हे जोडाक्षर. के दोनदा आला आहे, पण पहिला खरा काना आहे आणि दुसरा थ चा दांडा आहे. लांब खुणा आधी बदलल्या तर हा फरक आपोआप पाळला जातो.

उरतात दोन खुणा, पहिली आणि शेवटची. लहान एफ ही पहिली वेलांटी आहे. आपण कागदावर ती अक्षराच्या डावीकडे काढतो, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधी टाइप होते. युनिकोड मात्र उच्चाराचा क्रम पाळतो : आधी व, मग वेलांटी. मोठा झेड हा रफार आहे. तो अक्षराच्या डोक्यावर शेवटी काढतात, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये शेवटी येतो. पण उच्चारात र् आधी येतो आणि थी नंतर, म्हणून युनिकोडमध्येही तो थ च्या आधी हवा.

म्हणजे येथे खूण बदलून भागत नाही, ती उचलून दुसरीकडे न्यावी लागते. त्यासाठी एक सोपी तोड आहे. कोष्टकात एफ आणि झेड या दोन खुणांना हातच लावायचा नाही. बाकी सर्व देवनागरी झाले की या दोनच इंग्रजी खुणा मजकुरात उठून दिसतात. मग यंत्राला असे सांगायचे :

एफ सापडला की पुढचे अक्षर ओलांड. त्यापुढे पाय मोडल्याची खूण असेल, तर ती आणि तिच्या पुढचे अक्षरही ओलांड. अशी खूण येत राहील तोवर पुढे जा. जेथे थांबशील तेथे पहिली वेलांटी ठेव आणि एफ पुसून टाक.

झेड सापडला की मागे ये. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार जे लागेल ते ओलांड. पहिले व्यंजन लागले की तेही ओलांड. त्याच्या मागे पाय मोडलेले अक्षर असेल, तर तेही ओलांड. तेथे र आणि पाय मोडल्याची खूण ठेव, आणि झेड पुसून टाक.

‘ओलांड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘स्थिती’ या शब्दात वेलांटी स् आणि थ या दोघांच्या पुढे गेली पाहिजे. एकच अक्षर ओलांडून ती थांबली तर स आणि थ यांची ताटातूट होते. तसेच वेलांट्या आधी आणि रफार नंतर हा क्रमही मोडू नये. ‘वार्षिक’ या शब्दात दोन्ही एकाच अक्षरावर आहेत. आधी वेलांटी ष च्या पुढे जाते, मग रफार वेलांटी आणि ष या दोघांना ओलांडून मागे येतो, आणि र्षि नीट जुळते. विद्यार्थी, स्थिती, वार्षिक हे तीन शब्द बरोबर आले, तर स्क्रिप्टने बहुतेक मैदान मारले असे समजावे. जुन्या आठ खुणांचा ‘विद्यार्थी’ युनिकोडमध्ये दहा आकड्यांचा होतो, हेही मोजून पाहता येईल.

दर्या की दऱ्या?

येथवर यंत्राची हुशारी झाली. आता जेथे ती संपते ते सांगतो.

आमच्या भागातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी २००३ साली आपल्या आईकडून ऐकलेली झाकडीची गाणी टाइप करून ठेवली होती. आई आता हयात नाहीत. छापील प्रतीची मधली पाने गहाळ झाली आहेत. उरली होती ती एक फाईल, आणि ती कृतिदेवमध्ये. आम्ही दोघे बसून एकेक गाणे निवडीत गेलो आणि स्क्रिप्ट चालवीत गेलो. तासाभरात बहुतेक गाणी वाचण्याजोगी झाली.

मात्र एक शब्द राहिला. टाइप करताना बाईंनी सगळीकडे रफारच वापरला होता. त्यामुळे समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द फाईलमध्ये अगदी सारखे होते. ‘दऱ्या’मधील र् हा रफार नव्हे, तो आडवा लहानसा र आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, मराठीला पडते. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना, हा फरक आपण वर्गात शिकवितोच.

यासाठी मी दुसरी, अगदी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. निवडलेल्या शब्दात र, पाय मोडल्याची खूण आणि य असे तीन एकापुढे एक आले, तर त्यातील २३५२ हा साधा र काढून २३५३ हा दुसरा ऱ ठेवायचा. एका आकड्याचा फरक. मी बाईंना विचारले, “बाई, सगळीकडे एकदम चालवू का?”

बाई म्हणाल्या, “अरे, थांब. यंत्राला काय ठाऊक? हे बघ, या गाण्यात जहाज आहे, म्हणजे हा दर्या. आणि पुढच्या गाण्यात गुरे चरायला गेली आहेत, तिथे दऱ्या. दर्यात गुरे चरतील का?”

मग बाई बोट दाखवीत गेल्या, मी तेवढाच शब्द निवडीत गेलो, आणि स्क्रिप्ट तेवढाच शब्द बदलीत गेली. कोकणातून जहाजाने आलेल्या माणसांच्या गाण्यात समुद्रही असणार आणि मागे राहिलेले डोंगरही असणार. कोठे कोणता, हे आकड्यांत लिहिलेले नाही. ते आईच्या तोंडून गाणे ऐकलेल्या बाईंना ठाऊक होते. आणखी दहा वर्षांनी ही फाईल कोणी उघडली असती, तर अक्षरे कदाचित सुधारली असती, पण दर्या कोणता आणि दऱ्या कोणत्या हे सांगायला कोण राहिले असते?

याच कारणासाठी ‘निवडलेला मजकूर’ ही स्क्रिप्टमधील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असे मी मानतो. कार्य, सूर्य, आर्य यांत रफारच हवा. दुसऱ्या, भाकऱ्या, शेतकऱ्याला यांत आडवा र हवा. जेथे नियमाने ठरते तेथे यंत्राने करावे. जेथे अर्थाने ठरते तेथे जाणत्या माणसाने शब्दावर बोट ठेवावे.

आणखी काही बारीक गोष्टी

ॲप, ॲल्युमिनियम अशा शब्दांतील ॲ पूर्वी अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडून लिहीत. युनिकोडने २००८ साली या अक्षराला २४१८ ही स्वतंत्र जागा दिली. दोन्ही दिसतात सारखे, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. तेव्हा २३०९ आणि २३७३ ही जोडी मिळाली की २४१८ ठेवावा. येथे अर्थाचा प्रश्न नाही, म्हणून हा बदल बिनधास्त करावा.

मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, अशी तक्रार पुष्कळजण करतात. त्यासाठी अक्षर बदलू नये. दोन्ही वळणांचा आकडा एकच आहे, फरक फॉन्टचा आहे. मराठी वळणाचा फॉन्ट घेतला की काम झाले.

कधी दोन खुणांची आपसांत अदलाबदल करायची वेळ येते. आपल्याकडे इंग्रजी पद्धतीने दशांशाला टिंब देतात आणि फ्रेंच पद्धतीने स्वल्पविराम देतात. एका पद्धतीचा तक्ता दुसरीत न्यायचा, आणि आधी सर्व टिंबांचे स्वल्पविराम केले, तर मूळचे स्वल्पविराम कोणते हे पुढे कळणारच नाही. दोन तांब्यांतील दूध आणि ताक यांची अदलाबदल करायची तर तिसरे भांडे लागते. तसेच मजकुरात कोठेही नसलेली एखादी तिसरी खूण मध्ये ठेवून, तीन पायऱ्यांत हे काम करावे.

इंग्रजी आकड्यांचे मराठी आकडे करणे हा तर नवशिक्यासाठी उत्तम पहिला धडा आहे. इंग्रजी शून्याचा आकडा ४८ आणि मराठी शून्याचा २४०६. दोहोंत २३५८ चे अंतर आहे, आणि नवापर्यंत ते सारखेच राहते. म्हणून निवडलेल्या मजकुरात ४८ ते ५७ यांपैकी आकडा दिसला की त्यात २३५८ मिळवावेत, एवढी एक ओळ पुरते. येथेही फोन नंबर निवडीतून वगळावा.

तपासून पाहा

बदल झाल्यावर तीन गोष्टी कराव्यात. पहिली, निवडलेल्या मजकुरात एखादे इंग्रजी अक्षर शिल्लक आहे का ते शोधावे. असेल तर कोष्टकात तेवढी जोडी राहिली आहे, ती वाढवावी. दुसरी, जुनी छापील प्रत असेल तर तिच्याशी ताडून पाहावे. तिसरी, मजकूर मोठ्याने वाचावा. मोडलेले जोडाक्षर डोळ्यांतून निसटते, पण जीभ अडखळते. वर्गातील मुलांकडून वाचून घेतले तर त्यांचाही अभ्यास होतो.

परक्याने पाठविलेला मॅक्रो न तपासता चालवू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. मॅक्रो म्हणजे यंत्राला दिलेली आज्ञा. ती कोणाची आहे आणि काय सांगते हे ठाऊक असावे. स्वतः लिहिलेल्या आठ-दहा ओळी याच कारणाने अधिक भरवशाच्या.

वाचकहो, आपल्या घरी, मंडळात किंवा शाळेच्या कपाटात जुनी सीडी, फ्लॉपी किंवा पेनड्राइव्ह असेल, तर ती या आठवड्यात बाहेर काढा. पडद्यावर अर्थहीन अक्षरे दिसली तर पुसू नका. आधी प्रत काढा. मग ज्या आजींनी, गुरुजींनी किंवा बाईंनी तो मजकूर लिहिला असेल, त्यांना शेजारी बसवून घ्या. ते हयात आहेत तोवर हे काम उरकले पाहिजे. स्क्रिप्ट पुढच्या वर्षीही लिहिता येईल.